संप्रेरक-व्यत्ययी रसायनांचे प्रदूषण : कोकणातील नद्या व खाड्या

प्राण्यांच्या शरीरातील संप्रेरकांची (हार्मोन्सची) नक्कल करणाऱ्या, त्यांना अडवणाऱ्या किंवा त्यांच्या निर्मितीत ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांमुळे होणारे जलप्रदूषण. काही डिटर्जंटांपासून तयार होणारे नॉनिलफिनॉल, प्लास्टिकातील बिस्फिनॉल-ए व थॅलेट, गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल इस्ट्राडायॉल, डीडीटी आणि जहाजांच्या रंगातील ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) ही यांतील ठळक नावे. संप्रेरके मुळातच अत्यल्प मात्रेत काम करतात; म्हणून यांतल्या काही रसायनांचे लिटरमागे काही नॅनोग्रॅमही (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) परिणामाला पुरतात.

कोकणच्या नद्या सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात. दिवाळीनंतर प्रवाह आटतो आणि खाडीत भरती-ओहोटीचे पाणीच मागेपुढे होत राहते. (वाशिष्ठीसारख्या नद्या याला अपवाद : कोयना वीजप्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीज करून सोडलेले पाणी, वाशिष्ठीला मिळते.) लोटे-परशुराम, महाड व रोहा या रासायनिक औद्योगिक वसाहती अनुक्रमे वाशिष्ठी, सावित्री व कुंडलिका यांच्या खोऱ्यांत आहेत, शिवाय गावोगावचे घरगुती सांडपाणी आहेच. पाण्यात सहज न विरघळणारी रसायने गाळाला चिकटतात, आणि तिसऱ्या (शिंपले), कालवे, चिंबोऱ्या यांचा संसार त्याच गाळाशी जोडलेला असतो.

या किनाऱ्यावरचा बोलका पुरावा एका शंखाचा आहे. त्याचे शास्त्रीय नावच क्रोनिया कोंकणेन्सिस. या जातीच्या माद्यांमध्ये नराचे अवयव उगवल्याची नोंद 1999 साली प्रसिद्ध झाली. या विकृतीला इम्पोसेक्स म्हणतात व तिचे मुख्य कारण टीबीटी. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून ते रंगात मिसळत. विकृती वाढली की काही जातींत मादीचा अंडमार्ग बंद होतो. मादी जगते, पण अंडी बाहेर येत नाहीत. या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला, अंमलात 2008 मध्ये आला. गाळातले टीबीटी मात्र वर्षानुवर्षे टिकते.

माशांचे काय होऊ शकते, ते कॅनडातील एका तळ्यात दिसले. 2001 ते 2003 या काळात प्रयोग म्हणून त्यात लिटरमागे 5-6 नॅनोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल राखले गेले. नरांच्या शरीरात अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि एका लहान माशाची संख्या जवळजवळ संपली. तळ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला नाही. नवी पिल्लेच येईनाशी झाली. रायगडकरांचा लाडका जिताडा तर आधी नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. हा पालट संप्रेरकांवरच चालत असल्याने अशा माशाची काळजी अधिक वाटावी.

खाडीत मासे मरून तरंगले की बातमी होते, नमुने घेतले जातात. पण सामू (पाण्याची आम्लता), बीओडी व सीओडी (पाण्यातील घाणीच्या विघटनाला लागणारा ऑक्सिजन) या नेहमीच्या चाचण्यांत ही रसायने वेगळी ओळखू येत नाहीत; त्यासाठी महागडी उपकरणे लागतात. टीबीटीपुरती एक स्वस्त वाट आहे : जेटीच्या दगडांवरचे शंख गोळा करून फोडायचे आणि माद्या तपासायच्या.