प्रथिन बनतं, पण बाहेर कुठे पडतं?

जनुक पेशीत घातलं की औषध तयार, असा समज इन्सुलिनमुळे पक्का झाला. ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ साली मंजुरी मिळाली. पण इन्सुलिन पडलं अवघ्या ५१ अमिनो आम्लांचं. प्रतिपिंडात ती तेराशेच्या आसपास असतात, चार साखळ्या एकमेकींत अडकवाव्या लागतात आणि वर शर्करेचे झुपकेही लावावे लागतात. असली कामं बहुतेक वेळा सीएचओ पेशींकडे जातात. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून थिओडोर पक यांनी १९५०च्या दशकात त्या वेगळ्या केल्या होत्या.

त्यांच्याकडून जास्त काम काढून घेण्याची जुनी युक्ती मोठी बेरकी आहे. हव्या त्या जनुकाच्या शेजारी, पेशीला वाढायला लागणाऱ्या डीएचएफआर या एन्झाइमचं जनुक जोडायचं आणि मेथोट्रेक्झेटची मात्रा चढवत न्यायची. हे औषध डीएचएफआरला निकामी करतं, त्यामुळे ज्यांच्यात त्या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत त्याच पेशी तगतात. शेजारचं आपलं जनुकही आपसूक वाढतं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा!

एवढं करूनही एका टप्प्यानंतर बाहेर पडणारं प्रथिन वाढत नाही. जनुकाच्या प्रती भरपूर, संदेशवाहक आरएनएही भरपूर. अडतं ते पुढे.

बाहेर जायच्या प्रथिनाच्या टोकाला अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असतो. हा त्याचा पत्ता. (या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९चं नोबेल मिळालं.) पत्ता वाचून ते आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, ओवलं जातं. तिथे बिप नावाचं मदतनीस प्रथिन त्याला नीट घडी पडेपर्यंत सांभाळतं, पीडीआय हे एन्झाइम गंधकाचे बंध जुळवतं. घडी चुकलेला माल पुढे सोडला जात नाही, मोडीत काढला जातो. असा माल साचला की आयआरई१ हा पहारेकरी जागा होतो आणि एक्सबीपी१ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनामार्फत जालिकेचा विस्तार करवतो. तरीही तुंबलेलंच राहिलं, तर पेशी स्वतःला संपवते.

म्हणून आता जनुकीय बदल या टप्प्यावर होतात. कुणी एक्सबीपी१ वाढवतं, कुणी बिप किंवा पीडीआय, कुणी बीसीएल-२चं जनुक घालून पेशीचा मृत्यू लांबवतं. यश मात्र लहरी आहे: एका प्रथिनाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला पडेलच असं नाही. बिप जास्त झालं तर ते प्रथिनाला धरूनच बसतं, असंही दिसलं आहे. एक गाठ सोडवली की कोंडी पुढच्या टप्प्यावर सरकते, आणि मला तरी या क्षेत्रातली खरी गंमत तीच वाटते.

आपल्या शरीरातली प्लाझ्मा पेशी मात्र सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर टाकते. एक्सबीपी१ तिच्यातही लागतंच, पण ती विभाजनाच्या भानगडीत पडत नाही. टाकीतल्या सीएचओ पेशींना आधी संख्येने वाढावं लागतं. म्हणून पुरेशी गर्दी जमली की अनेकदा टाकीचं तापमान ३७ अंशांवरून ३२-३३पर्यंत उतरवतात. वाढ मंदावते आणि बऱ्याच वेळा प्रत्येक पेशीमागचं उत्पादन वर जातं.