स्टुटगार्टची ‘हौस’

घराला प्रमाण जर्मनमध्ये ‘हाउस’ म्हणतात. झुरिकमध्ये त्याचं होतं ‘हूस’. आणि या दोन्हींच्या मधे, स्टुटगार्टच्या आसपासच्या खेड्यांत, जुनी माणसं म्हणतात ‘हौस’. उच्चार आपल्या ‘हौसे’तल्या ‘औ’सारखाच. ‘वेळ’ या शब्दाचंही तेच: झुरिकला ‘त्सीट’, प्रमाण भाषेत ‘त्साइट’, आणि इथे ‘त्सैट’, ‘पैसा’मधला ‘ऐ’ घेऊन.

ही जर्मनची श्वाबियन बोली. जर्मनीच्या नैऋत्येला स्टुटगार्ट, ट्यूबिंगेन, उल्म आणि पूर्वेला आउग्सबुर्गपर्यंत ती बोलली जाते. तिथली लेख नदी ओलांडली की बव्हेरियन बोली लागते. ‘आहे’ला श्वाबियन माणूस ‘इश’ म्हणतो, पलीकडचा ‘इस’.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती ‘हौस’ची जागा. मध्ययुगात हे शब्द या सगळ्या भागांत ‘हूस’, ‘त्सीट’ असेच होते. बाराव्या शतकाच्या सुमारास आजच्या ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडे दीर्घ ‘ई’ आणि ‘ऊ’ फुटू लागले. लांब स्वर उच्चारताना सुरुवातीला जीभ किंचित सैल पडली, की ‘ई’चा ‘अइ’ होतो. ती आणखी खाली गेली, की ‘आइ’. इंग्रजीतला ‘टाइम’सुद्धा असाच ‘ई’पासून निघालेला आहे. ही लाट वायव्येकडे पसरत गेली. स्वित्झर्लंडच्या बहुतेक भागात ती पोचलीच नाही, श्वाबियात अर्ध्या वाटेवर थांबली, प्रमाण भाषेत शेवटपर्यंत गेली. त्यामुळे झुरिकहून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाच्या कानावर काही तासांत कित्येक शतकांचा बदल ओळीने पडतो.

या अर्ध्या वाटेवर थांबण्याचा श्वाबियनला मोठा फायदा झाला. जुन्या जर्मनमध्ये ‘एइ’ असा आणखी एक स्वर होता. प्रमाण भाषेत ‘ई’ फुटून ‘आइ’ झाला आणि तो ‘एइ’ही ‘आइ’च झाला, दोन वेगळे स्वर एकमेकांत मिसळले. म्हणून आज ‘वाइस’ म्हणजे ‘पांढरा’ही आणि ‘(मला) माहीत आहे’ही, लिहायलाही तसंच. श्वाबियनमध्ये ‘पांढरा’ म्हणजे ‘वैस’, पण ‘मला माहीत आहे’ हे ‘इ वॉइस’. ‘बाजू’ आणि ‘वाद्याची तार’ हे शब्द प्रमाण भाषेत कानाला एकच लागतात, म्हणून ते दोन स्पेलिंगांनी वेगळे ठेवावे लागतात. श्वाबियन शेतकऱ्याला स्पेलिंगची गरज नाही, त्याचा कान ते सांगतो. शाळेत या बोलीला ‘अशुद्ध जर्मन’ म्हणून हिणवलं गेलं, याचं म्हणूनच फार वाईट वाटतं. शुद्ध म्हणवणारी भाषा जे विसरली, ते हिने सांभाळलं.

श्वाबियनही सगळीकडे एक नाही. ‘दगड’ मध्यभागात ‘श्टॉइ’, तर दक्षिणेकडे ओबरश्वाबेनमध्ये ‘श्टोआ’. ‘होतो’ कुठे ‘ग्वे’, नैऋत्येला ‘ग्सै’. ‘श्टॉइ’ म्हणताना शेवटचा ‘न’ गळतो आणि स्वर नाकातून निघतो. कोकणी बोलणाऱ्याला हे शिकवावं लागणार नाही.

शब्दांचे अर्थही वेगळे. प्रमाण जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल, श्वाबियात मात्र कमरेपासून बोटांपर्यंतचा सगळा पाय, अगदी आपल्या ‘पाया’सारखा. ‘हेबेन’ म्हणजे प्रमाण भाषेत ‘उचलणे’, इथे ‘धरून ठेवणे’. शिडीवर चढलेल्याने खालच्या परगावच्या माणसाला ‘हेब!’ म्हटलं आणि त्याने शिडीच उचलली, तर काय होईल याचा विचार करा. लोणी प्रमाण भाषेत स्त्रीलिंगी, इथे पुल्लिंगी. आणि लहान, लाडकं ते सगळं ‘-ले’ लावून: घरकुल म्हणजे ‘हैस्ले’.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, आणि पुण्याहून तिकडे जाणारे इंजिनिअर तर कितीतरी. क्लासात घोटलेला ‘आइ’ तिथे जरा बाजूला ठेवून पाहावा. बेकरीतल्या आजींना वेळ विचारताना ‘पैसा’तला ‘ऐ’ घेऊन ‘त्सैट’ म्हणावं. तो स्वर आपल्या तोंडात आधीपासूनच बसलेला आहे.