एशियन डब फाउंडेशन: फ्रान्सच्या वाटेने मिळालेलं यश

१९९८ साली 'राफीज रिव्हेंज' हा अल्बम वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला मिळणाऱ्या ब्रिटनच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत आला, तेव्हा तो काढणाऱ्या एशियन डब फाउंडेशन या लंडनच्या बँडला पाच वर्षं झाली होती. हा बँड जन्मला तो एका वर्गात.

लंडनच्या फॅरिंगडन भागातली 'कम्युनिटी म्युझिक' ही संस्था तरुणांना संगीत शिकवायची. १९९३ मध्ये तिथे आशियाई मुलांसाठी संगीत-तंत्रज्ञानाची कार्यशाळा झाली. अनिरुद्ध दास शिकवायला, जॉन पंडित मदतीला आणि बंगाली घरातला दीदर झमान शिकायला. तिघांनी मिळून बँड काढला: दास बास गिटारवर, पंडित तबकड्या फिरवायच्या डेकवर, दीदर रॅपला. त्याच वर्षी सप्टेंबरात पूर्व लंडनमधल्या मिलवॉल प्रभागातून उघड वंशवादी पक्षाचा उमेदवार नगरसेवक म्हणून निवडून आला होता. दीदरच्या शब्दांतली धग त्या वातावरणातली आहे.

डब मूळचं जमैकाचं. किंग्स्टनमध्ये किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी रेगे या तिथल्या लोकप्रिय संगीतातल्या तयार गाण्यातून गायकाचा आवाज जवळजवळ काढून टाकला, बास आणि ड्रम पुढे आणले आणि उरलेल्या तुकड्यांना प्रतिध्वनीत सोडून दिलं. कॅरिबियन स्थलांतरितांबरोबर हे संगीत ब्रिटनमध्ये आलं. या बँडने त्या संथ, जड बासवर 'जंगल' या ब्रिटिश नृत्यसंगीताचे धावते ताल चढवले. १९९४ मध्ये आलेला गिटारवादक चंद्रसॉनिक तर तारा एकाच स्वरात लावायचा, त्यामुळे गिटारमधून सतारीचा भास होतो. मला या बँडची खरी ओळख तिथेच पटते.

'फॅक्ट्स अँड फिक्शन्स' हा पहिला अल्बम १९९५ मध्ये नेशन रेकॉर्ड्सने काढला. ब्रिटनने त्याची फारशी दखल घेतली नाही. फ्रान्सने घेतली. स्थलांतरितांच्या मुलांचा संताप तिथल्या उपनगरांना परका नव्हता, हे त्यामागचं मोठं कारण असावं. १९९७ चा 'आर.ए.एफ.आय.' आधी फ्रान्समध्येच निघाला आणि त्यातलीच बरीच गाणी नव्याने घडवून वर्षभराने 'राफीज रिव्हेंज' झाला. दरम्यान प्रायमल स्क्रीम या नावाजलेल्या बँडने त्यांना आपल्या कार्यक्रमांत आधी वाजवायला घेतलं आणि ब्रिटिश श्रोत्यांचं लक्ष वळलं.

यश मिळालं म्हणून त्यांनी शब्द मवाळ केले नाहीत, आणि माझ्या लेखी ही सर्वांत मोठी गोष्ट. 'राफीज रिव्हेंज'मध्येच जालियनवाला बाग हत्याकांडावेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या मायकेल ओड्वायरला १९४० साली गोळ्या घालणाऱ्या उधम सिंग यांच्यावरचं गाणं आहे, 'नक्षलाइट' नावाचंही आहे. त्याच सुमारास बँडने 'एडीएफ एज्युकेशन' हा उपक्रम सुरू केला आणि पुन्हा तरुणांना संगीत-तंत्रज्ञान शिकवायला घेतलं.