नर्सिंग ‘बायकांचं काम’ कधी ठरलं?

सैन्यातून निवृत्त झालेला पुरुष नर्सिंगचा विचार करू लागला की पहिली शंका ठरलेली: ‘हे तर बायकांचं काम, आपल्याला कसं जमेल?’ हा समज निसर्गातून नाही, बराचसा नियमांतून आलाय. अमेरिकी लष्कराने १९०१ साली नर्स कोअर (परिचारिकांचं दल) उभारलं ते फक्त स्त्रियांसाठी. पुरुषांना त्यात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळायला १९५५ उजाडलं. रणांगणावर जखमींची शुश्रूषा मात्र पुरुष आधीपासून करतच होते.

रक्तस्राव थांबवणारा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, आवळून त्यावर वेळ लिहिणारा सैनिकाचा हात वॉर्डात परका कसा ठरेल? खरी अडचण वेगळीच आहे. लष्करातला अनुभव म्हणजे परवाना नव्हे. अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी कुणाला चुकत नाही. आणि हो, हुकूम सोडायची सवय रुग्णापाशी चालत नाही, तिथे आधी ऐकून घ्यावं लागतं.