यकृतातल्या गाठींवर धमनीतून किरणोपचार: यिट्रियम-९० ची वाटचाल

यकृताला रक्त दोन वाटांनी येते: सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, उरलेले यकृत धमनीतून. यकृतात वाढणारी कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः धमनीच्याच रक्तावर पोसली जाते, हे ब्रीडिस आणि यंग यांनी १९५४ मध्ये दाखवले. पुढचा सगळा उपचार या एका फरकावर उभा आहे. बाहेरून अख्ख्या यकृतावर किरण दिले, तर ३० ते ३५ ग्रेच्या (ऊतीने शोषलेल्या किरणांचे एकक) पुढे निरोगी यकृत तग धरत नाही आणि गाठीला ७० ग्रे तरी लागतात. म्हणून धमनीतूनच किरणोत्सर्गी मणी सोडण्याचे प्रयोग १९६० च्या दशकात सुरू झाले.

त्यासाठी यिट्रियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य सोयीचे ठरले. ते जवळजवळ फक्त बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) सोडते, ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटर आणि फार तर ११ मिलिमीटर पोहोचते. अर्धायुष्य ६४ तासांचे असल्याने अकरा दिवसांत सुमारे ९४ टक्के डोस देऊन होतो.

सुरुवातीच्या मण्यांतून यिट्रियम पाझरत असे. रक्तात सुटलेले यिट्रियम हाडांत जाऊन बसते आणि अस्थिमज्जा दडपली जाते. यावर खरा तोडगा १९८० च्या दशकात मिसूरी विद्यापीठात निघाला. साधे, किरणोत्सर्गी नसलेले यिट्रियम-८९ काचेतच वितळवायचे, मणी घडवायचे आणि मग अणुभट्टीत त्यांच्यावर न्यूट्रॉनचा मारा करून त्याचे यिट्रियम-९० करायचे. यिट्रियम काचेचाच भाग असल्याने पाझरायला वाव राहत नाही. ऑस्ट्रेलियात रेझिनचे (प्लास्टिकसारख्या द्रव्याचे) मणी विकसित झाले. अमेरिकेत काचेच्या मण्यांना १९९९ मध्ये, रेझिनच्या मण्यांना २००२ मध्ये मान्यता मिळाली.

दोन्ही सारखे वागत नाहीत. काचेच्या मण्यात तयार होताना सुमारे २,५०० बेकरेल (सेकंदाला इतकी अणुविघटने) असतात, रेझिनच्या मण्यात साधारण ५०. म्हणजे ३ गिगाबेकरेलसाठी (३ अब्ज बेकरेल) काचेचे १२ लाख मणी पुरतात, रेझिनचे काही कोटी लागतात. इतक्या मण्यांनी बारीक धमन्या तुंबतात, प्रवाह मंदावतो आणि मणी उलटे फिरून जठराच्या धमनीत शिरू शकतात. तिथे होणारा व्रण महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून रेझिन सावकाश सोडायचे, मधेमधे कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत दिसणारे द्रव) देऊन प्रवाह पाहायचा आणि तो थांबला की कुपीत डोस उरला तरी हात आवरायचा.

आधीची चाचणी याच कारणासाठी. अँजिओग्राफीत (धमन्यांच्या क्ष-किरण तपासणीत) जठराकडे जाणाऱ्या फांद्या गरजेप्रमाणे कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्याने) बंद करतात. मग मण्यांऐवजी टेक्नेशियम (स्कॅनमध्ये दिसणारे किरणोत्सर्गी द्रव्य) लावलेले अल्ब्युमिन या प्रथिनाचे कण सोडून फुप्फुसांत किती गळते ते मोजतात. १ किलो ऊतीत १ गिगाबेकरेल सुमारे ५० ग्रे देते. ३ गिगाबेकरेल दिले आणि १० टक्के गळती असली, तर १ किलोच्या फुप्फुसांना १५ ग्रे. २० टक्क्यांना ३० ग्रे, म्हणजे एका वेळची मर्यादाच गाठली. स्कॅनला उशीर झाला की टेक्नेशियम कणांपासून सुटते आणि जठर उजळते. सोबत थायरॉइडही उजळले असेल, तर ती बहुधा खरी गळती नसते.

२०१७ च्या सारा या यकृत-कर्करोगाच्या रुग्णचाचणीत सोराफेनिब या कर्करोगावरच्या गोळीच्या तुलनेत रेझिनच्या मण्यांनी आयुर्मान वाढले नाही. पण तिथे डोस शरीराच्या पृष्ठफळावरून ठरवला होता, गाठीला किती मिळेल यावरून नव्हे. आमच्या मते उणीव इथेच होती. २०२१ च्या डोसिस्फियर चाचणीत काचेचे मणी वापरून गाठीला किमान २०५ ग्रे देण्याचे लक्ष्य ठेवले, तेव्हा मध्यक आयुर्मान २६.६ महिने भरले. नेहमीच्या डोसच्या गटात १०.७. रुग्ण फक्त ६० होते, तरी डोस आखण्याची पद्धत त्याने बदलली. एकाच सेगमेंटपुरता (यकृताच्या छोट्या भागापुरता) उपचार असेल तर आता ४०० ग्रेपेक्षा जास्तही देतात, कारण निरोगी भाग फारसा पणाला लागत नाही.

यकृत आधीच थकलेले असेल, तर चार ते आठ आठवड्यांनी कावीळ आणि जलोदर (पोटात पाणी साठणे) होऊ शकतो. रक्तातले बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) २ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असल्यास म्हणूनच सहसा मोठ्या भागावर उपचार टाळतात. उपचारानंतर पेट स्कॅनही (पॉझिट्रॉनवरून चित्र काढणारा) करावा. दहा लाख विघटनांमागे जेमतेम ३२ पॉझिट्रॉन सुटतात, पण मणी कुठे बसले ते दिसायला तेवढे पुरते. ते पाहायलाच हवे, कारण मायक्रोकॅथेटरचे (मणी सोडणाऱ्या बारीक नळीचे) टोक चाचणीच्या जागेपासून थोडे जरी सरकले, तरी मण्यांची वाटणी बदलते.