पाच रुपयांचा पुडा आणि सुट्ट्या पैशांचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कागदावर हिशेब सरळ आहे: पाच रुपयांचा पुडा साधारण ४ रुपये ४५ पैशांना पडायला हवा. पण वरचे ५५ पैसे वाण्यानं परत द्यायचे कसे? आठ आण्याचं नाणं कायद्यानं आजही चालतं, गल्ल्यात मात्र सापडत नाही. चार आणे आणि त्याखालची नाणी सरकारनंच जून २०११ अखेर बंद केली. यूपीआयवर ४.४५ देता येतात म्हणा, पण पाच रुपयांच्या पुड्याचं गिऱ्हाईक म्हणजे बहुधा मुठीत नाणं घेऊन आलेलं पोर. त्यामुळे छोट्या पुड्यांच्या बाबतीत अनेक कंपन्यांनी किंमत तशीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग धरला.

महागाईत याच्या बरोबर उलट होतं, आणि त्याची मुळं बिस्किटांपेक्षा जुनी आहेत.

रोजंदारीवरचं घर महिन्याचं सामान एकदम भरत नाही. 'चार आण्याची साखर, दोन आण्याचा चहा' अशी मागणी पैशांत व्हायची, वजनात नव्हे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, चार आण्याचे पंचवीस पैसे झाले, तरी रीत तीच राहिली. भाव चढला की कागदाची पुडी बारीक व्हायची. गिऱ्हाईकाला ते हातात घेताक्षणी कळायचं. कुरकुर व्हायची, एखाद्या ओळखीच्या घरासाठी वाणी चिमूटभर जास्तही टाकायचा.

कंपन्यांनी हीच पुडी प्लास्टिकमध्ये बांधली. कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांचा 'चिक' शांपू १९८३ मध्ये पाऊचमधून बाजारात आला, आणि पुढे देशभरातल्या दुकानांच्या दारांवर पाऊचच्या माळा लटकू लागल्या. १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किंमत वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं. गिऱ्हाईकाची फसवणूक त्यानं कमी झाली हे खरंच. पण पुडी किती बारीक करायची हा निर्णय वाण्याच्या हातून निसटून कारखान्यात गेला, आणि चिमूटभर जास्त टाकायची सोयही गेली.

तेव्हापासून देशाच्या अर्थकारणातला धक्का छापील किमतीऐवजी ग्रॅममध्ये दिसतो. २०१९ मध्ये ग्रामीण मागणी मंदावली. जीएसटीच्या बोज्यामुळे पुड्यातली बिस्किटं कमी करावी लागली, तरी खप घटतोय, आणि असंच राहिलं तर दहा हजारांपर्यंत कामगार कमी करावे लागतील, असं तेव्हा पार्लेच्या अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. वर्षही झालं नाही तोच टाळेबंदी आली, आणि त्याच कंपनीच्या पार्ले-जीनं विक्रमी खप नोंदवला. पायी गावाकडे निघालेल्या मजुरांच्या पिशवीत हाच पुडा होता. मंदीनं नको झालेली वस्तू संकटात पहिली आठवावी, हे फक्त स्वस्त मालाच्याच बाबतीत घडतं.

२०२२ चा धक्का बाहेरून आला. युक्रेन युद्धानं गहू आणि सूर्यफूल तेल भडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात जवळपास महिनाभर रोखली. आपल्याकडचं निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयातीचं, आणि बिस्किटात पामतेल लागतंच. पुड्यावरचा पाचाचा आकडा ठळकच राहिला. वजनाचा आकडा कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. दुकानदाराला तो वाचावा लागत नाही. पुडे तितकेच असून खोका उचलताना हलका लागला, की त्याला कळतं.