बॅश समोर आहे, तरी सापडत नाही

एक रिकामं फोल्डर घ्या. त्यात ‘बिन’ नावाचं आणखी एक फोल्डर करून आपल्या लिनक्समधली बॅशची, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन चालवणाऱ्या शेल या प्रोग्रामची, फाइल तिथे कॉपी करा. मग रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन सीएच-रूट (chroot) ही आज्ञा द्या: या फोल्डरला मूळ मान आणि बॅश चालव. उत्तर येतं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फोल्डर उघडून पाहावं तर फाइल जागच्या जागी! आकार बरोबर, चालवायची परवानगीही बरोबर. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी तासभर नावातलं एकेक अक्षर तपासत बसलो होतो.

चूक नावात नव्हती. कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, जी फाइल सापडत नव्हती, ती बॅश नव्हतीच. बॅशच्या फाइलीत सुरुवातीलाच एक पत्ता लिहिलेला असतो: मला चालवायच्या आधी लिब-६४ या फोल्डरातल्या लोडरला बोलवा, तो मला लागणाऱ्या लायब्ऱ्या (अनेक प्रोग्राम वाटून वापरतात त्या तयार कोडच्या फाइली) जोडून देईल. तो पत्ता तिरप्या रेघेने, म्हणजे ‘/’ ने सुरू होतो. आपण तर त्या रेघेचा अर्थच बदलून टाकलेला. आता ‘/’ म्हणजे आपलं ते जवळजवळ रिकामं फोल्डर, आणि तिथे लोडर कुठला?

सीएच-रूटचं सगळं मर्म इथे आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामसाठी कर्नल दोन गोष्टी लक्षात ठेवतो: याचं मूळ कोणतं आणि हा सध्या उभा कुठे आहे. ‘/’ ने सुरू होणारा पत्ता पहिल्या जागेपासून शोधायचा, बाकीचे दुसऱ्या जागेपासून. सीएच-रूट फक्त पहिली नोंद बदलतं. डिस्कवरचं काही हलत नाही, कशाची प्रत होत नाही. प्रोग्रामने सुरू केलेल्या पोटप्रोग्रामांना ते मूळ वारशाने मिळतं, म्हणून त्या शेलमधून दिलेली प्रत्येक आज्ञा आतच राहते.

लोडर आणि लायब्ऱ्या त्याच पत्त्यांवर आणून ठेवल्या की बॅश उघडतो. फाइलींची यादी मागायला ‘एलएस’ म्हणाल तर अशी आज्ञाच नाही असं सांगतो, कारण तो वेगळा प्रोग्राम आहे आणि आपण तो आणलेला नाही. पण दिलेला मजकूर छापणारा ‘एको’ बॅशच्या पोटातच असतो, त्यामुळे ‘एको’ आणि चांदणी (*) लिहिली की फाइलींची नावं दिसतात. ‘सीडी’ पुढे दोन टिंबं देऊन कितीही वेळा वर चढा, तुम्ही ‘/’ मध्येच. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा हाताने करावा. दहा पानं वाचून जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं.

आता हे लागतं कुठे? जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या प्रकल्पात आख्खी प्रणाली मूळ सोर्सपासून, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोडपासून, स्वतः बांधायची असते. अडचण दह्यासारखी आहे. दही लावायला विरजण लागतं, तसा कंपायलर (सोर्सचा चालवता येणारा प्रोग्राम करणारा प्रोग्राम) बांधायला कंपायलर लागतो, आणि तो शेजारून, म्हणजे आधीच्या लिनक्समधून आणावा लागतो. पण बांधणीच्या स्क्रिप्ट आजूबाजूला काय काय आहे ते बघत असतात. शेजारची एखादी लायब्ररी दिसली की गुपचूप तिला धरून घेतात. काम बिनतक्रार पूर्ण होतं आणि दोष कळतो तो नवी प्रणाली एकटी सुरू केल्यावर.

म्हणून आधी एक युक्ती करतात. ज्या यंत्रासाठी बांधायचं त्याच्या नावात ‘एलएफएस’ (लिनक्स फ्रॉम स्क्रॅच) हा शब्द घुसवतात, की स्क्रिप्टना वाटतं हे वेगळंच यंत्र आहे, इथलं काही उचलायचं नाही. अशा रीतीने पुरेशी हत्यारं तयार झाली की सीएच-रूट करून आत जायचं. जीसीसी हा कंपायलर एकूण तीनदा बांधला जातो; शेवटची, कायमची बांधणी आतच होते, जिथून शेजारचं घर दिसतही नाही.

पर्यावरण-चलांचं, म्हणजे प्रोग्रामला सोबत मिळणाऱ्या नाव-किमतीच्या जोड्यांचं, मात्र भान हवं. ती डिस्कवर नसतात, प्रोग्रामबरोबर फिरतात, त्यामुळे मूळ बदललं तरी बाहेरची चलं तशीच आत येतात. म्हणून आत शिरताना ती पुसून मोजकीच नव्याने देतात. शिरल्यावर बॅश स्वागत करतो ते ‘आय हॅव नो नेम!’ असं म्हणत. कर्नलला तुमचा क्रमांक, शून्य, माहीत असतो. शून्य म्हणजे ‘रूट’ हे सांगणारी पासवर्ड फाइल अजून जन्माला आलेली नसते. मला हा क्षण फार आवडतो. आपण नाव नसलेल्या जगात उभे असतो आणि ते नाव आपणच लिहायचं असतं.

या वेगळेपणाला मर्यादा आहेत. कर्नल एकच, बाहेरचाच. उपकरणं आणि चालू प्रोग्राम दाखवणारी डेव्ह, प्रोक, सिस ही फोल्डरं त्याच्याकडूनच आत जोडून घ्यावी लागतात. आतला रूट बाहेरचे प्रोग्रामही मारू शकतो. इतकंच काय, त्याने मूळ आणखी खालच्या फोल्डरात नेलं आणि स्वतः वरच उभा राहिला, की दोन टिंबांच्या पायऱ्या चढत तो खऱ्या मुळापर्यंत जातो, कारण अडवणारं मूळ त्याच्या वाटेत येतच नाही. लिनक्सची माहितीपुस्तिका स्पष्ट बजावते की सुरक्षेसाठी सीएच-रूट वापरू नका. १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून चालत आलेली ही सोय पत्त्यांची आहे, कुलपाची नाही. कुलपं नंतर आली: फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्स-धाटणीच्या प्रणालीचं ‘जेल’ २००० मध्ये, लिनक्समध्ये माउंटचं वेगळेपण (प्रोग्रामांना जोडलेल्या फोल्डरांची स्वतंत्र यादी) २००२ मध्ये, आणि त्या धाटणीच्या सोयींवर उभा राहिलेला, प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारा डॉकर २०१३ मध्ये.

शेवटी नवा कर्नलही सीएच-रूटच्या आतच, जुन्या कर्नलच्या खांद्यावर बसून कंपाइल होतो. मग बाहेर यायचं, जोडलेली फोल्डरं सोडवायची, यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या बूटलोडरच्या यादीतून नवी प्रणाली निवडायची. या वेळी पहिल्याच प्रोग्रामचं मूळ म्हणजे डिस्कचा तो भाग (पार्टिशन), जिथे आपण नवी प्रणाली बांधली. बॅश लोडर मागतो, आणि तो त्याच पत्त्यावर असतो.